पेन्शनचा टक्का : ब्रिटनमधील ‘सिप’ आणि तिच्यावरील आकारांचा हिशेब

‘सिप’ हा शब्द कानावर पडला, की भारतातल्या वाचकाला म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची सोय आठवते. ब्रिटनमध्ये मात्र हाच उच्चार एका सर्वस्वी निराळ्या गोष्टीसाठी रूढ आहे. ‘सेल्फ-इन्व्हेस्टेड पर्सनल पेन्शन’ या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे असून, ज्या वैयक्तिक पेन्शन खात्यातली पुंजी कोठे गुंतवायची हे खातेदार स्वतः ठरवतो, त्या खात्याला तेथे सिप म्हणतात. विमा कंपनीच्या पारंपरिक पेन्शनमध्ये खातेदाराला कंपनीच्या मोजक्या फंडांतून निवड करावी लागते. सिपमध्ये त्याला शेअर, सरकारी व खासगी रोखे, अनेक कंपन्यांचे फंड, शेअरबाजारात नोंदलेले गुंतवणूक न्यास आणि काही प्रकारच्या सिपमध्ये दुकान, दवाखाना किंवा गोदाम यांसारखी व्यावसायिक मालमत्ताही घेता येते. भारतातल्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत खातेदार फंड व्यवस्थापक निवडतो आणि शेअर व रोखे यांचे प्रमाण ठरवतो. सिप त्याच्या पुढे जाऊन नेमका कोणता शेअर किंवा कोणता फंड, हा निर्णयही त्याच्यावर सोपवते.

निवडीचे हे स्वातंत्र्य मोलाचे आहे, परंतु त्याच्याबरोबर एक जबाबदारी येते आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ती म्हणजे खाते कोणत्या कंपनीकडे ठेवायचे हे ठरवण्याची आणि त्या कंपनीच्या आकारांचा हिशेब करण्याची. पुढच्या वीस वर्षांत बाजार किती परतावा देईल हे कोणालाही सांगता येत नाही. त्या वीस वर्षांत खात्यातून किती पैसे आकारापोटी जातील, हे मात्र आज कागदावर मांडता येते. निवृत्तीच्या नियोजनातली जवळजवळ एवढी एकच बाजू खातेदाराच्या हातात असते, आणि म्हणूनच तिचा विचार टक्क्यांवर न थांबता पौंडांपर्यंत नेला पाहिजे.

सिपचा प्रवास

ब्रिटनमध्ये वैयक्तिक पेन्शनची आजची रचना जुलै १९८८ मध्ये अस्तित्वात आली. पुढच्याच वर्षी, १९८९ च्या अर्थसंकल्पात, तत्कालीन अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी खातेदाराला स्वतःच्या पेन्शनची गुंतवणूक स्वतः ठरवू देण्याची वाट मोकळी केली आणि सिपचा जन्म झाला. आरंभीची अनेक वर्षे ही सोय प्रामुख्याने सधन व्यावसायिकांची राहिली, कारण खाते उघडण्याचा व चालवण्याचा ठोक खर्च मोठा होता आणि लहान पुंजीला तो परवडत नसे. ६ एप्रिल २००६ रोजी पेन्शनचे वेगवेगळे करनियम एका चौकटीत आणले गेले, आणि एप्रिल २००७ पासून सिप चालवणाऱ्या कंपन्या तत्कालीन वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आल्या. राहत्या घरांची खरेदी सिपमधून करू देण्याचा विचारही त्या काळात झाला होता. परंतु डिसेंबर २००५ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी तो मागे घेतला, त्यामुळे राहते घर प्रत्यक्ष सिपमध्ये ठेवणे आजही करदृष्ट्या परवडत नाही.

खरी वाढ झाली ती इंटरनेटवरून चालणाऱ्या गुंतवणूक प्लॅटफॉर्ममुळे. प्लॅटफॉर्म म्हणजे अनेक कंपन्यांचे फंड व शेअर एकाच खात्यात विकत घेण्याची, सांभाळण्याची आणि विकण्याची सोय. ब्रिस्टलची हारग्रीव्ह्ज लॅन्सडाउन, मँचेस्टरची ए. जे. बेल, इंटरॅक्टिव्ह इन्व्हेस्टर, फिडेलिटी आणि २०२० पासून व्हॅनगार्ड या कंपन्यांच्या सिप सामान्य पगारदारालाही परवडू लागल्या. २०१३ च्या आरंभापासून ब्रिटनमध्ये सल्लागारांना फंड कंपन्यांकडून दलाली घेण्यास बंदी आली आणि एप्रिल २०१४ पासून तशीच बंदी प्लॅटफॉर्मना लागू झाली. त्यामुळे पूर्वी फंडाच्या खर्चात दडलेला प्लॅटफॉर्मचा मोबदला वेगळा दिसू लागला आणि तुलना शक्य झाली. एप्रिल २०१५ मध्ये पेन्शनमधून पैसे काढण्यावरचे जुने निर्बंध उठले, ॲन्युइटी म्हणजे विमा कंपनीकडून आजन्म उत्पन्न विकत घेण्याची अपरिहार्यता व्यवहारात संपली, आणि निवृत्तीनंतरही पुंजी गुंतवलेलीच ठेवून गरजेप्रमाणे काढण्याची पद्धत, जिला तेथे ड्रॉडाउन म्हणतात, सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. पूर्वी सिप निवृत्तीच्या दिवसापर्यंत सांभाळायची असे. आता ती निवृत्तीनंतरही वीस-पंचवीस वर्षे सोबत राहते, आणि तितकी वर्षे तिच्यावरचा आकारही चालू राहतो.

सिप हवी आहे का, हा पहिला प्रश्न

कंपन्यांची तुलना करण्याआधी सिपची गरज आहे की नाही, हे तपासले पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून टप्प्याटप्प्याने नोकरदारांची पेन्शनमध्ये आपोआप नोंदणी होऊ लागली असून, पात्र पगाराच्या किमान ८ टक्के रक्कम खात्यात जमा होते आणि तिच्यातला किमान ३ टक्के वाटा मालकाने उचलायचा असतो. अशा योजनेतल्या ठरीव फंडावर वार्षिक ०.७५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, आणि अनेक मोठ्या योजनांचा प्रत्यक्ष आकार तिच्याहून कमी असतो. मालकाचा वाटा सोडून स्वतंत्र सिपमध्ये पैसे भरणे हे नुकसानीचेच ठरते. सिपला खरा अर्थ येतो तो स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यासाठी, मालकाचा पूर्ण वाटा मिळवून झाल्यावर जास्तीची बचत करणाऱ्यासाठी, किंवा नोकऱ्या बदलताना मागे राहिलेली चार-पाच लहान पेन्शन खाती एकत्र आणू पाहणाऱ्यासाठी.

करसवलत सर्वच पेन्शन प्रकारांना सारखी आहे. खातेदाराने ८० पौंड भरले, की कंपनी सरकारकडून २० पौंड मिळवून खात्यात १०० पौंड जमा करते, आणि ४० टक्के दराने कर भरणारा खातेदार विवरणपत्राद्वारे आणखी २० पौंडांपर्यंतची सवलत मागू शकतो. २०२३ पासून वर्षाची सर्वसाधारण मर्यादा ६०,००० पौंड किंवा त्या वर्षाची कमाई, यांतली जी कमी असेल ती आहे. कमाई नसलेली व्यक्तीही २,८८० पौंड भरून ३,६०० पौंड जमा करू शकते, आणि घर सांभाळणाऱ्या जोडीदाराच्या नावाने पेन्शन उभी करायची असेल तर ही तरतूद विशेष उपयोगाची आहे.

निश्चित लाभाची पेन्शन, म्हणजे सेवाकाल व पगार यांवरून ठरणारे आजन्म उत्पन्न, ज्याच्या नावावर आहे, त्याने ती सोडून पुंजी सिपमध्ये हलवणे म्हणजे बहुतेक वेळा हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणे होय. अशा पेन्शनचे मूल्य ३०,००० पौंडांहून अधिक असेल, तर अधिकृत सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय ती हलवता येत नाही, असा कायदाच आहे. राष्ट्रीय आरोग्य सेवेसारख्या ज्या सरकारी योजनांमागे वेगळा निधी नसतो, त्यांतले लाभ तर २०१५ पासून सिपमध्ये नेताच येत नाहीत. ब्रिटनमध्ये त्या सेवेत आयुष्य घालवलेल्या मराठी डॉक्टरांना सिप फार तर पूरक म्हणून उघडता येते. जुन्या विमा पेन्शनमध्येही काही वेळा हमीचा ॲन्युइटी दर लिहिलेला असतो, आणि खाते हलवले की ती हमी कायमची जाते. जुना करारनामा वाचल्याशिवाय पैसे हलवू नयेत, हा नियम आकारांच्या कोणत्याही तुलनेपेक्षा वरचा आहे.

आकारांचे थर

सिपवरचा खर्च एका ठिकाणी, एका नावाने घेतला जात नाही. पहिला थर प्लॅटफॉर्मचा असतो, आणि तो पुंजीच्या टक्केवारीने किंवा दरमहा ठोक रकमेने घेतला जातो. दुसरा थर फंडाचा असतो. फंडाच्या व्यवस्थापनाचा वार्षिक खर्च हा फंडाच्या किमतीतूनच रोज थोडा थोडा वजा होत राहतो, त्यामुळे खात्याच्या उताऱ्यावर तो वजावट म्हणून उमटत नाही. तिसरा थर फंडाने केलेल्या खरेदी-विक्रीच्या खर्चाचा. चौथा थर खातेदाराने केलेल्या व्यवहारांचा असून, त्यात प्रत्येक सौद्याची दलाली, ब्रिटिश शेअर विकत घेताना लागणारी ०.५ टक्के मुद्रांक शुल्काची रक्कम आणि परदेशी शेअर घेताना चलन बदलण्यासाठी कापला जाणारा भाग येतो. पाचवा थर प्रसंगानुरूप आकारांचा : ड्रॉडाउन सुरू करणे, एकरकमी पैसे काढणे, घटस्फोटात पेन्शनची वाटणी करणे किंवा खाते दुसरीकडे हलवणे. सहावा थर सर्वांत कमी लक्षात येणारा आहे, आणि तो म्हणजे खात्यात पडून असलेल्या रोख रकमेवर बँकेकडून मिळणाऱ्या व्याजातला कंपनीने स्वतःकडे ठेवलेला भाग. सल्लागार नेमलेला असेल तर त्याचे शुल्क हा आणखी एक थर.

हे थर एका काल्पनिक उताऱ्यावर मांडून पाहिले, तर त्यांचे वजन कळते. समजा, एका खात्यात ८०,००० पौंड आहेत. त्यांतले ७२,००० पौंड जागतिक शेअरबाजाराचा निर्देशांक अनुसरणाऱ्या फंडात आणि ८,००० पौंड रोख स्वरूपात आहेत. प्लॅटफॉर्म फंडाच्या मूल्यावर ०.३५ टक्के घेतो, म्हणजे वर्षाला २५२ पौंड; एवढीच ओळ उताऱ्यावर वजावट म्हणून दिसते, आणि खातेदार तोच आपला एकूण खर्च समजतो. फंडाचा वार्षिक खर्च ०.२२ टक्के धरला, तर १५८ पौंड ४० पेन्स होतात. फंडाच्या अंतर्गत व्यवहारांचा खर्च ०.०६ टक्के धरला, तर आणखी ४३ पौंड २० पेन्स. बँक रोख रकमेवर ४ टक्के देत असेल आणि कंपनी खातेदारापर्यंत २.५ टक्केच पोचवत असेल, तर मधल्या दीड टक्क्याचे १२० पौंड होतात. सगळी बेरीज ५७३ पौंड ६० पेन्स होते, म्हणजे एकूण पुंजीच्या सुमारे ०.७२ टक्के. दिसणारा खर्च २५२ पौंडांचा आणि न दिसणारा ३२१ पौंड ६० पेन्सचा. निम्म्याहून अधिक खर्च डोळ्यांआड होतो.

२०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार गुंतवणूक कंपन्यांना एकूण खर्च टक्क्यांत आणि पौंडांत, दोन्ही प्रकारे कळवावा लागतो. वर्षातून एकदा येणारा तो खर्चाचा तपशील बहुतेक खातेदार न उघडताच बाजूला ठेवतात, आणि कंपन्यांची तुलना करताना सर्वांत आधी वाचायचा कागद मात्र तोच असतो. व्याजाच्या बाबतीत ब्रिटनच्या वित्तीय आचरण प्राधिकरणाने, म्हणजे एफसीएने, डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना बजावले, की रोख रकमेवरचे व्याज स्वतःकडे ठेवायचे आणि वर त्याच रकमेवर आकारही घ्यायचा, हा दुहेरी लाभ थांबवावा. व्याजातला काही भाग ठेवण्यावर मात्र सरसकट बंदी नाही, त्यामुळे खातेदाराने कंपनीचा चालू व्याजदर पाहून घेतला पाहिजे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर जे दोन-तीन वर्षांचा खर्च रोख ठेवतात, त्यांच्यासाठी हा आकडा प्लॅटफॉर्मच्या टक्क्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

टक्का की ठोक रक्कम

‘सर्वांत स्वस्त कंपनी कोणती?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण उत्तर पुंजीच्या आकारावर अवलंबून असते. एक कंपनी वर्षाला ०.२५ टक्के घेते आणि दुसरी ठोक १५६ पौंड घेते, असे धरले, तर २०,००० पौंडांच्या खात्याला पहिली ५० पौंडांत पडते आणि दुसरी तिप्पट महाग ठरते. ४ लाख पौंडांच्या खात्याला मात्र पहिली, मोठ्या रकमेसाठी दर उतरत नसेल तर, १,००० पौंडांना पडते आणि दुसरी त्याच १५६ पौंडांत राहते. दोघींची किंमत सारखी होते ती ६२,४०० पौंडांवर. टक्का ०.४५ असेल, तर हाच समतोल सुमारे ३४,७०० पौंडांवर येतो. प्रत्येक खातेदाराने ठोक रकमेला टक्क्याने भागून आपला समतोल बिंदू काढावा आणि आपली पुंजी आज त्याच्या कोणत्या बाजूला आहे व दहा वर्षांनी कोणत्या बाजूला असेल, हे पाहावे.

प्रत्यक्षातल्या कंपन्यांची रचना याच तत्त्वाने समजून घेता येते. हारग्रीव्ह्ज लॅन्सडाउनचा फंडांवरील दर २०२५ मध्ये पहिल्या अडीच लाख पौंडांवर ०.४५ टक्के होता, ए. जे. बेलचा त्याच टप्प्यावर ०.२५ टक्के; व्हॅनगार्डचा ०.१५ टक्के, परंतु वर्षाला ३७५ पौंडांच्या कमाल मर्यादेसह; आणि इंटरॅक्टिव्ह इन्व्हेस्टरची पद्धत दरमहा ठोक रकमेची. व्हॅनगार्डवर मुख्यतः त्याच कंपनीचे फंड मिळतात, तर इतर तिघींकडे निवड बरीच मोठी आहे, हेही या तुलनेत धरले पाहिजे. शिवाय अनेक प्लॅटफॉर्म फंडांवर अमर्याद टक्का घेतात, पण शेअर व शेअरबाजारात नोंदलेले निर्देशांक फंड यांच्यावरच्या आकाराला वार्षिक मर्यादा घालतात. त्यामुळे एकाच निर्देशांकाची गुंतवणूक साध्या फंडाऐवजी बाजारात नोंदलेल्या फंडातून केली, तर त्याच कंपनीत राहूनही खर्च बराच उतरू शकतो. उलट, दरमहा लहान रक्कम गुंतवणाऱ्याला प्रत्येक सौद्याची दलाली जड जाते आणि त्याच्यासाठी साधा फंडच बरा ठरतो.

आकार बदलत राहतात, ही गोष्टही या हिशेबाचाच भाग आहे. व्हॅनगार्डने जानेवारी २०२५ च्या अखेरीपासून ३२,००० पौंडांहून कमी पुंजी असलेल्या, स्वतः गुंतवणूक ठरवणाऱ्या खातेदारांसाठी दरमहा किमान ४ पौंड आकार लावला. ज्याच्या खात्यात ५,००० पौंड होते, त्याला ०.१५ टक्क्याने वर्षाला साडेसात पौंड पडत होते, ते आता ४८ पौंड पडू लागले. म्हणजे बाजारातल्या सर्वांत स्वस्त दरांपैकी एक असलेला दर त्याच्यापुरता जवळजवळ १ टक्क्यावर गेला. एकदा निवड केली की काम संपत नाही. दर दोन-तीन वर्षांनी दरपत्रक पुन्हा पाहणे हे खाते सांभाळण्याचेच एक अंग आहे.

काळाचा गुणाकार

अर्धा किंवा एक टक्का हा आकडा क्षुल्लक वाटतो, कारण तो एका वर्षाच्या चष्म्यातून पाहिला जातो. १ लाख पौंडांची पुंजी, नवी भर न घालता, वर्षाला ५ टक्के दराने २५ वर्षे वाढली, तर ती सुमारे ३,३८,६०० पौंड होते. त्या परताव्यातून दरवर्षी अर्धा टक्का खर्चापोटी गेला आणि निव्वळ वाढ साडेचार टक्के राहिली, तर अखेरची रक्कम सुमारे ३,००,५०० पौंड भरते. दीड टक्का गेला आणि वाढ साडेतीन टक्के राहिली, तर ती सुमारे २,३६,३०० पौंडांवर थांबते. दोन खर्चांमधला फरक वर्षाला एकच टक्का, आणि २५ वर्षांनंतरचा फरक ६४,००० पौंडांहून अधिक. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, परंतु तळ्याच्या तळाला बारीक भेग असेल, तर तीतूनही थेंबे थेंबेच पाणी जाते. आणि गेलेल्या थेंबाबरोबर त्याच्यावर पुढे मिळू शकणारा परतावाही जातो.

याचा अर्थ प्रत्येक महाग सेवा टाकाऊ असते, असा नाही. दवाखान्याची इमारत सिपमध्ये घेऊ पाहणाऱ्या डॉक्टर भागीदारांना व्यावसायिक मालमत्ता सांभाळणारी पूर्ण स्वरूपाची सिप लागते. तिच्यात भाडे जमा करणे, मूल्यांकन, विमा व कर्ज यांची कामे येतात, आणि सिपला निव्वळ मालमत्तेच्या ५० टक्क्यांपर्यंत कर्जही घेता येते. त्या कामांसाठी वर्षाला शेकडो पौंडांचे ठोक शुल्क समजण्याजोगे आहे. चुकीचे ठरते ते एवढेच, की ज्याला दोन निर्देशांक फंडांपलीकडे काहीही घ्यायचे नाही, त्याने या सर्व सोयींची किंमत आयुष्यभर भरत राहावे.

सुरक्षितता : स्वस्ताईच्या आधीची पायरी

आकारांची तुलना ज्या कंपन्यांमध्ये करायची, त्या आधी विश्वासार्ह असल्या पाहिजेत. कंपनी एफसीएच्या नोंदवहीत आहे का आणि तिला वैयक्तिक पेन्शन चालवण्याची परवानगी आहे का, हे तेथे विनामूल्य पाहता येते. खातेदारांची गुंतवणूक कंपनीच्या स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवावी लागते, त्यामुळे कंपनी बुडाली तरी ती गुंतवणूक कंपनीच्या धनकोंच्या हाती जाऊ नये, अशी रचना आहे. एवढे असूनही काही कमी पडले, तर वित्तीय सेवा भरपाई योजना गुंतवणुकीच्या बाबतीत पात्र खातेदाराला प्रत्येक बुडालेल्या कंपनीमागे ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई देते. बाजार पडल्यामुळे झालेले नुकसान या योजनेत येत नाही, हे स्पष्ट समजून घेतले पाहिजे.

सिपचा इतिहास सर्वस्वी निर्मळ नाही. परदेशी हॉटेलांतल्या खोल्या, साठवणुकीचे लहान गाळे, वनशेती असल्या विकायला कठीण मालमत्ता सिपमध्ये घालायला लावून अनेकांची पेन्शन बुडवली गेली, आणि ही गुंतवणूक सुचवणारे मध्यस्थ अनेकदा नियामकाच्या अखत्यारीबाहेरचे होते. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने साठवणुकीच्या गाळ्यांत पेन्शन गुंतवलेल्या एका खातेदाराच्या बाजूने निकाल दिला, आणि परवाना नसलेल्या मध्यस्थाच्या सांगण्यावरून आलेला व्यवहार स्वीकारणाऱ्या सिप कंपनीवरही जबाबदारी येऊ शकते, हे त्यातून ठसले. त्याआधी, सप्टेंबर २०१६ पासून, सिप कंपन्यांनी किती भांडवल राखावे याचे नियम कडक झाले होते. जानेवारी २०१९ पासून पेन्शनविषयी अनाहूत फोन करण्यावर बंदी आहे. त्यामुळे पेन्शनची ‘मोफत तपासणी’ करून देतो असे सांगणारा अनोळखी आवाज फोनवर आला, तर तो नियम मोडणारा आहे असे धरून फोन ठेवणे हेच शहाणपण.

पैसे हलवताना आणि काढताना

एका कंपनीकडून दुसरीकडे खाते नेण्याचे दोन मार्ग आहेत. सर्व गुंतवणूक विकून रोख रक्कम नेणे हा पहिला; तो सोपा आहे, परंतु मधल्या दिवसांत पुंजी बाजाराबाहेर राहते. गुंतवणूक आहे तशीच नेणे हा दुसरा; त्यात बाजाराबाहेर राहावे लागत नाही, परंतु वेळ अधिक लागतो आणि नव्या कंपनीकडे तोच फंड उपलब्ध असावा लागतो. नोव्हेंबर २०२१ पासून संशयास्पद स्थलांतरे थांबवण्याचे अधिकार जुन्या योजनांना मिळाले आहेत, त्यामुळे काही वेळा शासकीय मार्गदर्शन सेवेशी बोलल्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही. खाते सोडण्याचे शुल्क पूर्वी मोठा अडथळा होते. मार्च २०१७ पासून ५५ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी जुन्या करारांवर ते पुंजीच्या १ टक्क्यापुरते मर्यादित केले गेले.

आज पेन्शनमधून पैसे वयाच्या ५५ व्या वर्षापासून काढता येतात. ६ एप्रिल २०२८ पासून ही मर्यादा ५७ होईल. पुंजीचा चौथा हिस्सा, कमाल २,६८,२७५ पौंडांपर्यंत, करमुक्त मिळतो आणि उरलेल्या रकमेवर उत्पन्नाप्रमाणे कर लागतो. पहिल्याच वेळी मोठी करपात्र रक्कम काढली, तर तात्पुरत्या करसंकेतामुळे (टॅक्स कोडमुळे) बहुधा जास्तीचा कर कापला जातो आणि तो नंतर परत मागावा लागतो. शिवाय करपात्र रक्कम लवचीकपणे काढायला सुरुवात केली, की पुढे पेन्शनमध्ये भरण्याची वार्षिक मर्यादा १०,००० पौंडांवर उतरते. म्हणून कंपनी निवडताना ड्रॉडाउनचे शुल्क, महिन्याला ठरावीक रक्कम देण्याची सोय आणि फोनवर माणूस भेटतो की नाही, या गोष्टी चाळिशीतच पाहून ठेवलेल्या बऱ्या; सत्तरीत खाते हलवणे अधिक जिकिरीचे असते. खातेदाराच्या मृत्यूनंतर उरलेली पेन्शन पुंजी ६ एप्रिल २०२७ पासून वारसा कराच्या हिशेबात धरण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर केला आहे, त्यामुळे ‘पेन्शन शेवटी काढावी’ हा जुना सल्लाही आता प्रत्येक कुटुंबाने नव्याने तपासला पाहिजे.

भारतात परतणाऱ्यांसाठी

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. डॉक्टर, अभियंते आणि संगणक क्षेत्रातले व्यावसायिक यांच्या रूपाने ब्रिटनमधला मराठी समाज वाढत राहिला, आणि त्यांतले काही जण निवृत्तीसाठी पुण्याला, नाशिकला किंवा कोकणातल्या घरी परतण्याचा विचार करतात. त्यांच्यासाठी तुलनेत आणखी काही रकाने वाढतात. अनेक सिप कंपन्या परदेशात राहणाऱ्याचे नवे खाते उघडत नाहीत, काही जुन्या खातेदारांच्या सेवांवर बंधने घालतात, आणि पैसे ब्रिटिश बँक खात्यातच देण्याचा आग्रहही धरला जातो. म्हणून देश सोडण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घेणे आवश्यक आहे. ब्रिटिश सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळते, पण तिच्यात दरवर्षीची वाढ होत नाही. ती जेथे थांबली तेथेच गोठते. महागाईशी झुंजण्याचा भार त्यामुळे खासगी पुंजीवर अधिक पडतो, आणि तिच्यातून जाणारा प्रत्येक अनावश्यक पौंड अधिक जड होतो.

कराच्या बाजूने, भारत व ब्रिटन यांच्यातल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार सरकारी सेवेची पेन्शन वगळता इतर पेन्शनवर सर्वसाधारणपणे राहत्या देशात कर लागतो. भारताने २०२१ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात ८९अ हे कलम घातले आणि पुढे ब्रिटन, अमेरिका व कॅनडा हे देश त्यासाठी अधिसूचित केले. परदेशी निवृत्ती खात्यातल्या उत्पन्नावर ते जमा होताना कर न लागता, परदेशी कायद्याप्रमाणे ते करपात्र होईल तेव्हा लागावा, हा त्याचा हेतू होता. ब्रिटनमध्ये करमुक्त असलेला चौथा हिस्सा भारतातही आपोआप करमुक्तच राहील, असे मात्र गृहीत धरू नये. त्यासाठी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या करसल्लागाराला, पैसे काढण्याआधी, विचारलेच पाहिजे.

निवाडा

या सर्व विवेचनातून कंपनी निवडण्याचा क्रम निश्चित होतो. आधी मालकाचा वाटा पूर्ण मिळवावा आणि हमीचे जुने लाभ जपावेत; मग कंपनीचा परवाना आणि भरपाईचे संरक्षण तपासावे; मग आपल्याला नेमके काय विकत घ्यायचे आहे ते ठरवावे; आणि त्यानंतरच आपली आजची पुंजी, दहा वर्षांनंतरची अपेक्षित पुंजी व निवृत्तीनंतर काढायची रक्कम, या तिन्ही प्रसंगी प्रत्येक कंपनी वर्षाला किती पौंड घेईल, हे एका कागदावर शेजारी शेजारी लिहावे. मनीहेल्पर ही शासकीय सेवा यासाठी विनामूल्य मार्गदर्शन करते, आणि पन्नाशी गाठलेल्यांना पेन्शन वाइज या मार्गदर्शन सेवेची भेट विनामूल्य मिळते. तिचा लाभ न घेण्याचे काहीच कारण नाही.

ब्रिटनमध्ये सिप असलेल्या प्रत्येक मराठी वाचकाने या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाला वही मांडताना, कंपनीकडून आलेला खर्चाचा वार्षिक तपशील बाहेर काढावा, त्यातला पौंडांचा एकूण आकडा वहीत उतरवावा आणि त्याच्याशेजारी दुसऱ्या दोन कंपन्यांचे आकडे लिहावेत. या कामाला एक संध्याकाळ पुरते.